शाळा आणि विद्यापीठ यांमधील तुटलेली चारी

नवें वर्ष सुरू झालें, कीं आमच्या व्यवसायबंधूंच्या तोंडीं एकच तक्रार असते : शाळेकडून येणारीं मुलें उच्च शिक्षणास लायक नसतात. बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील अध्यापकवर्गांत तर ती नित्यपाठासारखी कानीं पडते. मुलास इंग्रजींत चार ओळी लिहितां येत नाहींत, भागाकारापाशीं तो अडतो, टिपण कसें घ्यावें हें त्यास ठाऊक नसतें. तक्रार खोटी नाहीं. 2023 सालच्या ‘असर’ पाहणींत देशाच्या ग्रामीण भागांतील 14 ते 18 वयाच्या सुमारें चतुर्थांश मुलांना आपल्याच भाषेंतील दुसरीच्या इयत्तेचा उतारा अस्खलित वाचतां आला नाहीं, आणि निम्म्याहून अधिकांना तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येनें भागतां आलें नाहीं. परंतु या तक्रारींतून जो निष्कर्ष काढण्यांत येतो, त्याशीं आमचा उभा दावा आहे. अशा मुलांना दारांतच अडवावें, म्हणजे विद्येचा दर्जा राखला जाईल, असें हे पंडित सुचवितात. आमचें म्हणणें असें, कीं मुलांच्या माथीं दोष मारण्यापूर्वीं शाळेकडून विद्यापीठाकडे जाणारी वाट कोठें मोडली, याचा तपास व्हावा.

मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा 1859 सालीं झाली. तेव्हांपासून जवळजवळ नव्वद वर्षें शाळेच्या शेवटच्या परीक्षेची दोरी विद्यापीठाच्या हातीं होती. ही सत्ता जाचक होती, यांत संशय नाहीं. कॉलेजांत जाणाऱ्या मूठभरांसाठीं सगळी शाळा एका दावणीस बांधली गेली. 1949 च्या सुमारास मॅट्रिक जाऊन एस्. एस्. सी. आली, हें म्हणून योग्यच झालें. पुणें विद्यापीठाचा जन्महि 1949 चाच. पण जाच गेला त्याबरोबर नातेंहि गेलें. पुढें अकरावी-बारावी राज्य मंडळाकडे आणि पदवी विद्यापीठाकडे, अशी वांटणी झाली. आज पुष्कळ ठिकाणीं कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारांत नांदतात. परंतु एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या, अबोला धरलेल्या जावांप्रमाणें दोहोंचे शिक्षक एकमेकांस ओलांडून जातात.

2014 सालीं या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. सावित्रीबाई कोण होत्या? कुलगुरु नव्हत्या, पदवीधर नव्हत्या. 1848 सालीं पुण्यांत मुलींची शाळा चालविणाऱ्या शिक्षिका होत्या. जोतीरावांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांतील मुख्य गाऱ्हाणें हेंच होतें, कीं रयतेच्या पैशावर वरिष्ठ वर्गाचें उच्च शिक्षण पोसलें जातें आणि रयतेच्या मुलांची प्राथमिक शाळा उपाशी राहते. शिक्षिकेचें नांव कमानीवर मिरवावें आणि शाळेचा विषय निघतांच ‘तें खातें आमचें नव्हे’ म्हणावें, यास आम्ही विटंबना म्हणतों.

बारामती-इंदापूरच्या वाचकांस कालव्याचा दृष्टान्त उलगडून सांगावयास नको. नीरेचा डावा कालवा 1885 सालीं वाहूं लागला. पण कालवा वाहतो एवढ्यानेंच शेत भिजत नाहीं; त्यास चारी लागते, पोटचारी लागते, आणि ती बुजली तर टेलच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांतच पाणी उभें राहतें. शिक्षणाचा कालवा येथें आहे. बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 सालीं निघालें, विद्या प्रतिष्ठान 1972 सालीं. इंदापुरासहि महाविद्यालय आहे. उणें आहे तें चारीचें, आणि सुप्याकडील जिराईत गांवांतला मुलगा व कारखान्याच्या तळावर वाढलेली ऊंसतोड्याची मुलगी हे त्या कालव्याचे टेलचे धनी आहेत.

ही चारी कोठें कोठें तुटली आहे, तें पाहा. मराठी शाळेंतील मुलगी दहावीपर्यंत ‘गुणसूत्र’ आणि ‘त्वरण’ शिकते; अकरावीच्या विज्ञानवर्गांत पाऊल टाकतांच त्याच वस्तु ‘क्रोमोझोम’ आणि ‘ॲक्सिलरेशन’ होऊन तिच्यापुढें उभ्या राहतात. ज्ञान तेंच, परंतु ती निरक्षर ठरते. एस्. टी. चा मोफत पास मुलींना बारावीपर्यंतच. पदवीच्या पहिल्या वर्षीं पासाला पैसे मोजावे लागतात, आणि गरीब घरांत मुलीचें शिक्षण थांबविण्यास एवढें निमित्त पुरतें. 2024 सालीं सरकारनें आठ लाखांच्या आंतील उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हें स्तुत्य. पण फी माफ झालेल्या दारापर्यंत पोंचावयाचें कसें? शाळा आणि विद्यापीठ यांमध्यें जी पोकळी पडली, तींत खासगी क्लासवाल्यानें आपलें नाकें उभारलें आहे. नांव कनिष्ठ महाविद्यालयांत, देह क्लासांत, आणि बापाची एकरभर जमीन गहाण, असा हा व्यवहार.

उपाय अवघड नाहींत. प्रत्येक महाविद्यालयानें भोंवतालच्या आठ-दहा शाळा नववीपासून आपल्या मानाव्या. विषयशिक्षक व प्राध्यापक यांनीं वर्षांतून तीनदां तरी एकत्र बसून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासाव्या. पदवीच्या पहिल्या वर्षाचा निकाल शाळावार करून त्या त्या शाळेस कळवावा. आपला विद्यार्थी पुढें टिकला कीं गळला, हें आज हेडमास्तरांस कळत नाहीं. दहावीची परीक्षा आणि अकरावीचा आरंभ यांमधील रिकाम्या महिन्यांत भाषेचा सेतुवर्ग चालवावा. आणि हें काम परोपकार म्हणून न राहतां विद्यापीठाच्या अंदाजपत्रकांत व प्राध्यापकाच्या बढतींत मोजलें जावें. भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली व 1947 सालीं साताऱ्यास कॉलेज काढलें. त्यांच्या हिशेबीं वसतिगृह, शाळा आणि कॉलेज हे एकाच वाटेचे टप्पे होते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं विद्यापीठ शाळांत शिरलें, तर मॅट्रिकचा जाच परत येईल. आम्हांस परीक्षेची सत्ता नको आहे. शिक्षकांची संगत हवी आहे. दुसरा आक्षेप, कीं प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील तरुण अर्ध्या पोटीं राबतात, त्यांनीं हें ओझें कोठवर वाहावें? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच जागा भरणें ही पहिली मागणी असली पाहिजे. परंतु जागा भरेपर्यंत मुलांना नालायक ठरवीत बसावें, हा त्याचा अर्थ खास नव्हे.

2035 पर्यंत उच्च शिक्षणांतील प्रवेशाचें प्रमाण शेंकडा 50 करूं, असा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा संकल्प आहे. 2021-22 सालीं तें देशांत शेंकडा 28.4 होतें. हा फरक भरून काढावयाचा, तर येणारीं मुलें भिगवण-मोरगांवाकडच्या शाळांतूनच येतील. दुसरीकडून येणार नाहींत. तीं जशीं आहेत तशीं आपलीं मानून त्यांच्या शाळेपर्यंत चालत जाण्याची ज्या विद्यापीठाची तयारी नाहीं, त्यानें मुलांच्या तयारीविषयीं बोलूं नये.