मोगलीची शाळा आणि मराठीचा तास

"मराठीचा तास कशाला? तो वेळ गणिताला द्या," असे काही पालक सुचवतात. त्यांनी मोगलीची शाळा आठवून पाहावी.

रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक' (१८९४) मधले जंगल आपल्याच मध्य प्रदेशातल्या सिवनीचे. तिथे बालू अस्वल गुरुजी. लांडग्यांची पिल्ले आपल्या टोळीपुरते शिकून पळ काढत. माणसाच्या पोराला मात्र पक्ष्यांची, सापांची, सगळ्यांची बोली पाठ करावी लागे. एवढ्याशा डोक्यात हे सारे मावणार कसे, असे बघीरालाही वाटे. मोगली कंटाळे, रुसेही.

पुढे माकडांनी त्याला पळवले. तेव्हा त्याने घारीच्या बोलीत हाक दिली आणि घारीने बालूला निरोप पोहोचवला. नागांनी भरलेल्या पडक्या वास्तूत टाकले, तेव्हा सापांच्या बोलीने जीव वाचला. एक बोली शिकताना त्याला दुसरी सोडावी लागली नाही.

आपल्या मुलांना बाजारात हिंदी लागते, पुढच्या शिक्षणाला इंग्रजी. दोन्ही यायलाच हव्यात. पण आजीचे मन कळायला मराठीच लागते. ती कधी कामी येईल, हे आज सांगता येत नाही. मोगलीलाही ते ठाऊक नव्हते.

बालू चापट्या मारी, तेवढे मात्र घेऊ नये. गोष्टी सांगून, गाणी म्हणून शिकवावे.

विश्वस्तांना विनंती एकच: तास रंजक करा, कमी करू नका. आणि मुलांनो, आज रात्री आजीकडून एक गोष्ट ऐका, मराठीतच!