डंपरला जीपीएस, मजुराची नोंदही नाही

माझे मोठे मामू दगडखाणीत सुरुंगासाठी भोकं पाडायचे. एके दिवशी आधीचा न उडालेला सुरुंग ड्रिलखाली फुटला आणि कपची लागून त्यांचा डावा डोळा गेला. दवाखान्याच्या कागदावर मात्र 'मोटारसायकलवरून पडून जखमी' असं लिहिलं गेलं. मालकाने औषधाचा खर्च दिला, वर थोडे पैसे दिले. मामूंनी ते घेतले. हजेरीपत्रकात नावच नव्हतं, मग भांडायचं कशाच्या जोरावर?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे कोणत्या गोष्टीची नोंद होते आणि कोणत्या गोष्टीची होत नाही, याकडे माझं लक्ष जातं. महाराष्ट्रात खडी किंवा मुरूम वाहायचा तर 'महाखनिज' प्रणालीतून ऑनलाइन पास काढावा लागतो आणि गाडीला जीपीएस लावावं लागतं. कारण प्रत्येक ब्रासमागे सरकारला स्वामित्वधन मिळतं. चोरी थांबावी म्हणून हे केलं, ते चांगलंच झालं. पण त्या पासावर दगड असतो, गाडी असते. दगड फोडणारा माणूस कुठेच नसतो.

कायदा नाही असं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्याने दगड-मुरुमाच्या उघड्या खाणींना बरीच सूट दिली होती, पण अटी घालून: खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत आणि स्फोटकं नकोत. एक अट मोडली की सूट संपली. मग गंभीर अपघात कळवणं मालकावर बंधनकारक. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या किती खाणी या अटींत बसतात, हे गावातलं पोरही सांगेल.

अडचण अशी की परवाना देतं महसूल खातं, स्फोटकांचा परवाना नागपूरच्या केंद्रीय संघटनेच्या अखत्यारीत आणि खाणसुरक्षा बघणारं महासंचालनालय धनबादला. एकाची माहिती दुसऱ्याकडे आपोआप जाईल अशी सोय केली, तर सुरुंगाचा साठा घेणारी खाण सुरक्षेच्या यादीत आहे की नाही, हे क्षणात कळेल. हे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. इच्छा हवी.

पैशाचंही कारण देता येणार नाही. खनिजांच्या शोधासाठी २०१५ मध्ये राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यास स्थापन झाला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं अभियान मंजूर केलं. देशाला लिथियम हवं, हे मान्य. पण जमिनीखाली काय आहे हे शोधायला सरकार एवढा खर्च करतं, तर जमिनीवर कोण राबतंय याची यादी का करू शकत नाही? खाणबाधित माणसांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी आहे. त्यातून मजुरांचा विमा आणि छातीची तपासणी व्हायला हवी.

आता थोडं आपल्याविषयी. या धंद्यात वडार आहेत, आदिवासी आहेत, परप्रांतीय मजूर आहेत. आणि आपलेही लोक आहेत, ड्रिलवर, डंपरवर, तसेच क्रशरचे मालक म्हणूनही. मजुराच्या हक्काबद्दल आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकतो आणि मशिदीच्या बांधकामाला आलेली खडी मात्र काही न विचारता उतरवून घेतो. ती खडी देणाऱ्या भाईंना निदान एवढं विचारू या: तुमच्या खाणीत किती माणसं आहेत, आणि त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?

माझी सरकारकडे एकच मागणी आहे. खाणीचं हजेरीपत्रक आणि सुरक्षा तपासणीचा अहवाल प्रणालीत भरल्याशिवाय वाहतूक पास निघू नये. तोवर आपण तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करू शकतो: तालुक्यातल्या परवानाधारक खाणी किती, त्यांची शेवटची पाहणी कधी झाली आणि अपघात किती नोंदले गेले. मामूंचा अपघात त्या आकड्यात नसेल. पुढचा तरी असावा.