नाणे खोटे, स्नेह मात्र खरा?

चंडीगढच्या आमच्या नाणेसंग्राहक मंडळींत एक विलक्षण शिष्टाचार रूढ झाला आहे: मित्राचे नाणे बनावट दिसले, तरी त्याच्या देखत तसे म्हणावयाचे नाही. मागे एका स्नेह्यांनी मोठ्या कौतुकाने शिवराई पुढे ठेवली. ‘श्री राजा शिव’, ‘छत्र पति’ ही अक्षरे ठसठशीत. परंतु कडेवर ओतकामाची शिवण! शिवराई ठशाने पाडीत. तिला शिवण येईल कोठून? एका विद्वानांनी, प्राचीन काळी नाणी ओतीतच असत, असा आधारही पुरविला. रोहतकच्या खोकराकोटात १९३६ साली बिरबल साहनींना यौधेयांच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले, हे खरे. म्हणून काय यौधेयांचा साचा शिवरायांच्या टांकसाळीत न्यावयाचा?

सारे ‘वाहवा’ म्हणाले. आम्हीही म्हणालो.

पुढे तीच शिवराई नुकत्याच बदलून आलेल्या एका तरुणाने, आमच्या त्या ‘वाहवा’च्या भरवशावर, पदरचे पैसे मोजून घेतली. विकणारे निर्दोष, त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. ह्यास स्नेह म्हणावयाचे, तर फसवणूक कशास म्हणावयाचे?

येत्या रविवारी, सर्वांसमक्ष, आम्ही त्या तरुणास ती शिवण दाखविणार आहोत, आणि त्याच्या नुकसानीत आमचा वाटा उचलणार आहोत. बैठक मोडली तर मोडो.