छप्पर बसले, पण संघ राहील का?

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री 'मिल्टन' नावाचे वादळ अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले आणि सेंट पीटर्सबर्ग शहरातील 'ट्रॉपिकाना फील्ड' या बेसबॉल स्टेडियमच्या छपराच्या चिंध्या झाल्या. छपराच्या २४ तुकड्यांपैकी १८ तुकडे त्या एका रात्रीत गेले. ज्याला तेथे हरिकेन म्हणतात त्यालाच आपण येथे सिक्लोन म्हणतो, एवढाच काय तो फरक. पुढचे वर्षभर त्या शहरातील क्रीडारसिक माना वर करून एक एक नवा तुकडा बसताना मोजत राहिले. शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०२५ मध्ये बसला.

वाचकहो, बेसबॉल आपल्या बेटावर कोणी खेळत नाही. आपला जीव फूटबॉलमध्ये. तरीही ही बातमी मी वर्षभर आवडीने वाचली, याचे कारण खेळ नव्हे, छप्पर. वादळाच्या देशात वाढलेल्या माणसाला छपराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी १९६० मधल्या 'कॅरोल' वादळात उडालेल्या पत्र्यांच्या गोष्टी आम्ही आजीच्या तोंडून ऐकल्या. १९९४ साली 'हॉलांडा' आले तेव्हा मी शाळकरी मुलगी होते, आणि बंद खिडक्यांमागे बसून वाऱ्याचा आवाज ऐकल्याचे मला पक्के आठवते. 'कॅरोल'नंतर आपल्या लोकांनी पत्रा सोडून सिमेंटचा स्लॅब धरला. मग अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, तेही वादळांच्या वाटेवर, कोणी कापडाचे छप्पर का घालावे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी माझ्या मनात आला.

त्याचे उत्तर असे. फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळजवळ रोज दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि बेसबॉलचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत असतो. म्हणून मैदान झाकणे आले. सुमारे सहा एकर जागा झाकावयाची, आणि मध्ये एकही खांब नको. सिमेंट तेथे फार जड पडते. तेव्हा डेव्हिड गायगर या अभियंत्याच्या पद्धतीने पोलादी तारांचा घुमट केला. सायकलचे चाक डोळ्यांसमोर आणा. बाहेर भक्कम गोल कडे, आत ताणलेल्या तारा. या तारांमध्ये उभे दांडे बसवलेले असतात. ते जमिनीला कोठेच टेकत नाहीत, तारांच्या ताणावर अधांतरी उभे राहतात. अशा तारांची एकूण लांबी १८० मैल भरते म्हणतात. त्यावर काचतंतूंचे, टेफ्लॉनचा लेप दिलेले कापड ताणून बसवायचे. हे कापड ताशी ११५ मैलांचा वारा सोसेल असा हिशेब होता. 'मिल्टन'ने कापड नेले. तारांचा सांगाडा मात्र उभा राहिला, म्हणूनच दुरुस्तीचा विचार तरी करता आला.

वादळाआधी याच मैदानावर मदतकार्याला येणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांसाठी तळ उभारण्याचे ठरले होते. ओळीने मांडलेल्या खाटांचे चित्र सर्वत्र छापून आले. वादळाचा रोख पाहून माणसे वेळेवर हलवली, हे नशीब.

आता पैशाकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथेच आहे. स्टेडियम शहराच्या मालकीचे आहे. 'टॅम्पा बे रेज' हा संघ तेथे भाडेकरू. करारात असे होते की इमारतीचे नुकसान झाल्यास दुरुस्ती शहराने करावयाची, आणि जितके हंगाम बुडतील तितके हंगाम करार पुढे सरकेल. म्हणजे २०२७ ला संपणारा करार एक हंगाम बुडाल्यामुळे २०२८ वर गेला. घरमालकाचा हात दगडाखाली, अशी ही स्थिती.

आणि विमा? मी शिक्षिका आहे, तेव्हा हिशेब फळ्यावर मांडावा तसा मांडते. या इमारतीला पूर्वी १० कोटी डॉलरचे विम्याचे संरक्षण होते. मार्च २०२४ मध्ये, वादळाच्या अवघे सात महिने आधी, शहराने ते अडीच कोटींवर आणले. त्यामुळे हप्त्यात सुमारे पावणेतीन लाख डॉलर वाचले. शिवाय पहिल्या २ कोटी २० लाखांपर्यंतचे नुकसान शहरानेच सोसावयाचे, अशी अट. म्हणजे विमा कंपनीकडून हाती येणार ती जास्तीत जास्त ३० लाखांची रक्कम. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचा अंदाज आला ५ कोटी ५७ लाखांचा! माझ्या वर्गातील अकरा वर्षांचे मूलही या वजाबाकीपाशी थबकेल.

परंतु मागाहून शहाणे होणे सोपे असते, म्हणून शहराची बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२४ मध्ये शहराने आणि काउंटीने शेजारीच १३० कोटी डॉलरचे नवे स्टेडियम बांधण्याच्या योजनेला मंजुरी दिली होती. नवे उभे राहिले की जुने पाडावयाचे. चार वर्षांत पाडावयाच्या इमारतीवर विम्याचा मोठा हप्ता कशाला, असा विचार झाला असावा, असे मला वाटते. फ्लोरिडात वादळांमुळे विम्याचे दर किती चढले आहेत ते पाहता हा विचार मूर्खपणाचा नव्हता. चूक एवढीच की वादळ कोणाच्या योजना वाचून येत नाही.

यानंतर जे झाले त्यात चाहत्यांचे फार हाल झाले. 'मिल्टन'च्या दोनच आठवडे आधी 'हेलेन' वादळाने समुद्राचे पाणी शहरातील घरांत घातले होते. रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या गाद्या, कपाटे, भिंतींचे तुकडे यांचे ढीग पडलेले. अशा वेळी बेसबॉलच्या छपरासाठी कोट्यवधी डॉलर मंजूर करा, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? २१ नोव्हेंबर २०२४ रोजी कौन्सिलने छपरासाठी २ कोटी ३७ लाख मंजूर केले, आणि त्याच दिवशी तो निर्णय परत फिरवला. ज्यांची घरे बुडाली त्यांचा आधी विचार व्हावा, ही भावना त्यामागे होती. ती खोटी म्हणता येत नाही. 'कॅरोल'नंतर येथे कोणी चॅम्प-द-मार्सच्या घोड्यांच्या तबेल्यांवर आधी छप्पर घालतो म्हटले असते, तर आपले आजोबा काय म्हणाले असते?

पण उशीरही फुकट जात नाही. ही इमारत कधी पाऊस झेलण्यासाठी बांधलेलीच नव्हती. आतले पाणी बाहेर जाण्याची सोय नाही, विजेची यंत्रे उघडी. छप्पर नसलेला प्रत्येक महिना आतल्या सामानाचे नुकसान वाढवत होता. इकडे काउंटीने नव्या स्टेडियमच्या कर्जरोख्यांवरील मतदान लांबवले. त्यामुळे खर्च वाढला असे सांगून संघाच्या मालकांनी १३ मार्च २०२५ रोजी नव्या स्टेडियमच्या योजनेतून अंग काढून घेतले. नवे गेले, आणि जुने उघडे. शेवटी ३ एप्रिल २०२५ रोजी कौन्सिलने छपरासाठी सव्वादोन कोटी मंजूर केले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, पण तो उदारपणाचा नव्हता. करार मोडला असता तर भांडण कोर्टात गेले असते, आणि शहराच्या हाती राहिला असता फक्त एक भिजका सांगाडा.

२०२५ चा हंगाम संघाने खाडीपलीकडे टॅम्पा शहरात, न्यूयॉर्क यांकीज या दुसऱ्या संघाच्या सरावाच्या मैदानावर काढला. तेथे जेमतेम ११ हजार माणसे मावतात, आणि डोक्यावर उघडे आकाश. भर उन्हाळ्यातील पाऊस चुकवावा म्हणून घरचे बरेच सामने हंगामाच्या सुरुवातीलाच उरकून घेतले.

इकडे नवे कापड जर्मनीत विणले गेले, चीनमध्ये कापून शिवले गेले आणि समुद्रमार्गाने फ्लोरिडात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिला तुकडा वर चढला. प्रत्येक तुकडा कलिंगडाच्या फोडीसारखा, कडेकडून मध्याकडे निमुळता. तारांवर चढलेले कामगार तो उलगडत नेत. वारा पडलेला असेल तेव्हाच हे काम करता येते. संघ आणि शहर छायाचित्रे देत होते, वर्तमानपत्रे आकडा छापत होती, आणि २७५ क्रमांकाच्या हायवेवरून जाणारे लोक स्वतः पाहत होते: आज पाच झाले, आज नऊ. आपल्याकडे स्लॅब घालण्याच्या दिवशी सारे गणगोत जमते, शेजारी बादल्या उचलतात, दुपारी अंगणात पंगत बसते. तेथे लोकांना बादली उचलता येत नव्हती, म्हणून ते मोजत होते.

आणि हे सारे काम हरिकेनच्या ऐन मोसमात चालले होते, हे ध्यानात घ्या. अर्धवट ताणलेले कापड आणि वादळ, म्हणजे पुन्हा पहिले पाढे. पण २०२५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर एकही हरिकेन थडकले नाही; २०१५ नंतर असे प्रथमच घडले. इंजिनिअरांनी काम चांगले केले खरे, पण या छपरावर दैवाचाही एक टाका आहे.

मग चाहते निश्चिंत झाले का? नाही. १९८० च्या दशकात हे स्टेडियम हाती संघ नसतानाच बांधावयास घेतले गेले. संघ येईल या आशेवर ते १९९० मध्ये पुरे झाले, आणि संघ खेळू लागला १९९८ मध्ये. त्यासाठी गॅस प्लांट नावाची कृष्णवर्णीय लोकांची जुनी वस्ती उठवली. महापौर केनेथ वेल्च यांच्या आजोबांची लाकडाची वखार त्याच वस्तीत होती. तेव्हा दिलेली रोजगाराची वचने त्या लोकांना अजून आठवतात, आणि नव्या योजनेतून त्यांची थोडीफार भरपाई व्हावयाची होती. छप्पर परत आले. ती योजना परत आली नाही.

मिनियापोलिसचे उदाहरणही चाहत्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१० मध्ये तेथील मेट्रोडोमचे कापडी छप्पर बर्फाच्या भाराने फाटले. पुढल्या वर्षी नवे घातले. २०१४ मध्ये सारी इमारतच पाडली!

संघही आता दुसऱ्यांचा झाला आहे. २०२५ च्या शरद ऋतूत स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांनी तो पॅट्रिक झालुप्स्की यांच्या गटाला विकला. किंमत सुमारे १७० कोटी डॉलर सांगितली गेली. छपरासाठी शहराने मोजलेल्या सव्वादोन कोटींशेजारी हा आकडा ठेवून पाहा. नव्या मालकांचा ओढा टॅम्पाकडे आहे, आणि २०२६ च्या जानेवारीत तेथील हिल्सबरो कॉलेजच्या जागेवर नवे स्टेडियम बांधण्याविषयी बोलणीही पुढे गेली. तसे झाले तर सेंट पीटर्सबर्गच्या करदात्याने घातलेले हे छप्पर तीन हंगामांपुरतेच ठरेल: २०२६, २०२७ आणि २०२८.

घरच्या मैदानावर सामना जिंकला की हे छप्पर रात्री नारिंगी दिव्यांनी उजळण्याची तेथे प्रथा आहे. दूरवरून येणाऱ्या गाडीवाल्याला निकाल रेडिओ न लावताच कळतो. चाहते तुकडे मोजत होते ते या दिव्यांसाठी. पण मार्च २०२४ मध्ये विम्याचा कागद टेबलावर होता, त्या दिवशी मोजावयाला कोणी आले नव्हते.