‘नामर्द’ हा शब्द टाका, रक्तातली साखर तपासा

रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंती पाहा. ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी ताकद’, ‘एका महिन्यात गॅरंटी’. अशा जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. तरी त्या रंगवल्या जातात, कारण गिऱ्हाईक मिळते. ते गिऱ्हाईक बरेचदा आपल्याच वस्तीतले असते. बायकोला न सांगता, भिशीचे पैसे खिशात घालून तो तंबूत शिरतो आणि बिनलेबलाची पुडी घेऊन येतो. त्या पुडीत कधी कधी इंग्रजी औषधच कुटून घातलेले असते. त्याची साखर किती, रक्तदाब किती, हे तिथे कुणी विचारत नाही.

लिंगाला ताठरता न येणे किंवा ती न टिकणे याचा मर्दपणाशी संबंध नाही, रक्ताभिसरणाशी आहे. मेंदूचा निरोप मज्जातंतूंमार्फत खाली जातो, धमन्या सैलावतात, रक्त भरते आणि काही वेळ तिथेच अडवले जाते. यातली एक कडी जरी निसटली तरी काम बिघडते. थकवा, जागरण किंवा भांडणामुळे एखाद्या रात्री असे होणे हा आजार नव्हे. पण दोन-तीन महिने हेच चालले असेल तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे.

याचे कारण नीट समजून घ्या. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, साधारण १ ते २ मिलिमीटरच्या. हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की बारीक नळी आधी तक्रार करते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला छातीत दुखण्याच्या कित्येकदा २ ते ५ वर्षे आधीच हा इशारा मिळालेला असतो. तो लाजेपोटी दाबून टाकला, तर पुढे घरचा कमावता माणूसच जाऊ शकतो.

मधुमेह तर दोन्हीकडून मारतो, मज्जातंतू बधिर करतो आणि रक्तवाहिन्याही कडक करतो. मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना हा त्रास होतो, आणि तोही इतरांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी. उच्च रक्तदाब, सुटलेले पोट आणि वाढलेली चरबी ही त्याचीच भावंडे. बिडी-सिगारेट आणि तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते.

दारूबद्दल आपल्याला वेगळे सांगायला नको. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला विहारात म्हणतो, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ‘दारूने जोर येतो’ ही गुत्त्यावरची थाप आहे. रोजच्या दारूने मज्जातंतू, यकृत आणि पुरुषी संप्रेरक तिन्ही खचतात. पण गटारात उतरणाऱ्या माणसाला वास सोसायला कुणी बाटलीची सवय लावली असेल, तर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला पटत नाही.

मनाचेही तसेच. कंत्राट संपले, बचतगटाचा हप्ता थकला, दहा बाय बाराच्या खोलीत पोरे आणि म्हातारी माणसे शेजारी झोपलेली. अशा घरात नवरा-बायकोला निवांतपणा कुठून मिळणार? सकाळी जागे होताना ताठरता येत असेल तर शरीर बहुधा धड आहे, कारण मनात शोधावे. नैराश्य हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. हस्तमैथुनाने किंवा ‘धातू गेल्याने’ माणूस कमजोर होत नाही. पुरुष नसबंदीनेही ताठरता जात नाही. हा गैरसमज सोयीचा ठरला आणि शस्त्रक्रियेचा भार आपल्या बायकांवर पडला.

हे विषय चारचौघांत नकोत, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, पण वकीलपत्र घ्यायला ते लाजले नव्हते.

भगिनींनो, नवरा टाळतोय म्हणजे त्याचे बाहेर काही आहे, असे लगेच धरू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात जा. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. रक्तदाबाच्या किंवा मनाच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो, त्या डॉक्टरांना सांगून बदलता येतात. मनाने बंद करू नयेत. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली सिल्डेनाफिलची गोळी, हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो.