घरचा हिशेब : युनिट, कॅलरी आणि ज्यूल

वीजबिलावर ‘युनिट’, बिस्किटाच्या पुड्यावर ‘किलोकॅलरी’ आणि मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘ज्यूल’. नावे तीन, पण मोजायची गोष्ट एकच : ऊर्जा.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजेच सुमारे ८६० किलोकॅलरी. दिवसाला २,००० किलोकॅलरीचे अन्न विजेत मोजले तर जेमतेम सव्वादोन-अडीच युनिट भरते!

बिलाचा हिशेबही सोपा आहे. वॅटला तासांनी गुणा आणि हजाराने भागा. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर ३० दिवसांत साडेबावीस युनिट. रोज ५ तास जळणारा १०० वॅटचा जुना बल्ब महिन्याला १५ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही नाही.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी तर हा हिशेब शिकलाच पाहिजे. घरमालक सांगेल ती रक्कम मुकाट्याने देऊ नये. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहावा, त्यातून मागचा वजा करावा, मगच पैसे द्यावेत. हे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलींवर सोपवा; त्यांचे गणितही पक्के होईल.