मोटारसायकलमागचे घर



आमचे साडू अमेरिकेहून परत आले. तीस वर्षे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून राबलेला हा माणूस ओहायो राज्यात लेकीकडे पाच महिने राहून आला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वाटले, आता उंच इमारती आणि चकचकीत दुकाने ऐकावी लागणार. पण त्यांनी ऐकवली ती एका ट्रेलरच्या खरेदीची हकिकत, आणि ती ऐकता ऐकता मेहुणीने दिलेला चहा निवून गेला.

लेकीच्या शेजारी एक वयस्क जोडपे राहते. नवरा कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बाई शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेली. आयुष्यभराची एकच हौस म्हणजे होंडा गोल्डविंग मोटारसायकल. आपल्या स्प्लेंडरचे वजन एकशेदहा किलोच्या आसपास, तर ही गाडी साडेतीनशे ते चारशे किलोची. सहा सिलिंडर, अठराशे सीसीचे इंजिन, आणि मागे घ्यायला रिव्हर्सची सोय. दर उन्हाळ्यात दोघे तंबू बांधून निघायची. पण बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, आणि जमिनीवर झोपले की उठणे होईना. रोज मोटेलात उतरायचे तर पेन्शन पुरत नाही. तेव्हा एक तर जमिनीच्या वर झोपता येईल अशी सोय करायची, नाही तर फिरणे कायमचे बंद, अशी पाळी आली.

तिकडे यासाठी खास ट्रेलर मिळतो. बंद असताना तो चार फूट रुंदीची, दोन चाकांची पेटीच दिसते. मुक्कामाला झाकण उलटे उघडायचे, म्हणजे आतून कापडाचा तंबू उभा राहतो आणि पेटी व झाकण मिळून वर दोघांचा बिछाना होतो. सामान खाली. सवय झाली की दहा मिनिटांत घर तयार. नवा घ्यायचा तर काही हजार डॉलर मोजावे लागतात, म्हणून ही मंडळी जुन्याच्या शोधात होती. दोन ट्रेलर नजरेत भरले होते. शेजाऱ्याने साडूंना विचारले, "तुम्ही रेल्वेतले. डबा कसा जोडतात ते तुम्हाला ठाऊक. येता का बघायला?"

आमच्या साडूंना इंग्रजी जेमतेम येते, पण लोखंडाची भाषा चांगली येते. लगेच गेले.

पहिला ट्रेलर मोठा, काळाभोर रंग, पुढच्या दांडीवर बर्फाची पेटी ठेवायला जाळी. शेजारी त्याच्या प्रेमातच पडला होता. रिकामे वजन दोनशे किलो. तिकडचे जाणकार एक आडाखा सांगतात की, भरलेला ट्रेलर गाडी आणि माणसे मिळून जे वजन होते त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा. गाडी चारशे, ही दोघे दीडशे, म्हणजे साडेपाचशे, निम्मे पावणेतीनशे. दोनशे तर रिकाम्या पेटीतच गेले. उरलेल्या पंचाहत्तर किलोत कपडे, स्टोव्ह, पाणी, खुर्च्या, बर्फ सगळे बसवायचे. बसले असते, पण काठोकाठ.

मग साडूंनी घरातला वजनकाटा मागवला. माणसे सकाळी उभी राहतात तो. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रेलरच्या दांडीचे टोक गाडीच्या हुकाच्या उंचीला टेकवले. या टोकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा असावा लागतो. रिकाम्या पेटीचा चोवीस किलो आला, ठीक. जाळीवर भरलेली बर्फाची पेटी ठेवताच काटा पंचेचाळीसच्या पुढे गेला. एवढा भार मोटारसायकलच्या शेपटावर पडला की पुढचे चाक हलके होते आणि हँडल हातात राहत नाही. बरे, सामान मागे सारावे, तर त्याहून वाईट. शेपूट जड झाले की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि गाडीला सोबत घेऊन जातो.

चाके पाहिली तर आठ इंची. त्यावरचा टायर धरून व्यास सोळा इंच. ताशी शंभर किलोमीटरला हे चाक मिनिटाला तेराशे फेरे घेते, बारा इंची घेतले तर हजाराच्या आसपास. बेअरिंग कोणते लवकर तापेल हे फिटरला सांगावे लागत नाही. टायरची नक्षी मात्र नव्यासारखी होती. साडूंनी कडेवरचे चार आकडे वाचले : २३१३. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१३ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर! उन्हात उभा राहून रबर कडक झालेले. वाचकहो, हे आकडे आपल्या स्कूटरच्या आणि रिक्षाच्या टायरवरही असतात. जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू नये यासाठी ते वाचायची सवय लावावी.

दुसरा ट्रेलर लहान, रंग उडालेला, वजन एकशेतीस किलो. एका कोपऱ्यात कापडाला बुरशी, एक चेन तुटलेली. म्हणजे कोणीतरी ओला तसाच घडी घातलेला. पण चाके बारा इंची. जॅक लावून चाक हाताने फिरवले, कान लावला, वर-खाली धरून हलवले. घरघर नाही, ढिलाई नाही. फक्त जोडाचा वाटा दोन इंची होता आणि गाडीवरचा गोळा एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. फरक बोटाच्या पेरापेक्षा कमी, पण मोठ्या वाट्यात लहान गोळा खड्ड्यात उसळून सुटू शकतो. साडू म्हणाले, वाटा बदला, आणि फिरता घ्या, म्हणजे गाडी वळणावर कलली तरी जोड पिळवटणार नाही, गाडी आडवी झाली तरी ट्रेलर उलटणार नाही. शिवाय खाली दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या घाला. जोड सुटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

शेजारी अजून काळ्या ट्रेलरकडे वळून बघत होता. निकाल दिला बाईंनी. त्या दोन्ही बिछान्यांवर चढून पाहून आल्या होत्या. मोठ्याचा बिछाना कमरेपर्यंत उंच, चढायला स्टूल लागे. लहानाचा खुर्चीएवढा. "रात्री तीनदा उठायचे आहे मला, तुला नव्हे," एवढेच त्या म्हणाल्या. लहान ट्रेलर घेतला.

आता आमचे मत सांगतो. गोल्डविंगच्या पुस्तिकेत होंडा कंपनीच सांगते की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही. साडूंच्या जावयाने ते पान वाचूनही दाखवले. शेजारी हसला, तिकडे अनेकजण ओढतात. विमा कंपनीला मात्र त्याने लेखी विचारून घेतले. आम्ही असतो तर त्या पानावरच थांबलो असतो. साडू म्हणतात, गुडघा आमचा नव्हता म्हणून आम्ही असे म्हणतो. यावर आमच्यात जेवणापर्यंत वाद चालला आणि मिटला नाही. पण आपल्या शंभर सीसीच्या गाडीमागे पोरांनी असले काही वेल्डिंग करून जोडायचे मनात आणू नये, यावर एकमत झाले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकामागे एकच माणूस बसू शकतो, आणि त्या गाडीचा ब्रेक तेवढ्याच हिशोबाचा असतो.

निघण्याआधी साडूंनी शेजाऱ्याकडून रिकाम्या मैदानात दोन दिवस सराव करून घेतला. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, त्यामुळे थांबायला अंतर जास्त लागते. दुसरे म्हणजे मोटारसायकलवाला खड्डा दोन्ही बाजूंनी चुकवतो, पण ट्रेलरची दोन चाके बरोबर त्याच बाजूंनी येतात. पहिल्याच दिवशी दोनदा आदळली.

त्यांना जायचे होते ब्लू रिज पार्कवेवर. ४६९ मैलांचा हा डोंगरातला रस्ता १९३५ साली सुरू झाला आणि १९८७ साली पुरा झाला. बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैलांची मर्यादा, म्हणजे ट्रेलरवाल्याला सोयीचे. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातले बरेच भाग बंद पडले, म्हणून त्यांनी व्हर्जिनियाकडचा तुकडा धरला. पीक्स ऑफ ऑटरच्या तळावरून साडूंच्या मोबाईलवर फोटो आला. कापडावर नवे ठिगळ, आणि बाई बिछान्याच्या काठावर बसून, पाय जमिनीला टेकवून, स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधताहेत.